पॅकेज, बंडल आणि गुरुजींचं पुस्तक

संगणकाच्या बाबतीत मी थोडी कट्टर आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. धडगावच्या एका आश्रमशाळेत मी संगणक शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत आठ मशीन आहेत आणि आठही कुठल्या तरी कार्यालयाने स्वतःकडे नवी आल्यावर आम्हाला देऊन टाकलेली. त्यांचं वय पाहता त्यांच्याकडून कामाची अपेक्षा करणं हाच मुळात थोडा निर्दयपणा आहे. पण त्यांच्यावरचं विंडोज काढून मी लिनक्स घातलं आणि ती चालू लागली, तेव्हापासून मला असं वाटू लागलं की लिनक्स जणू मीच लिहिलंय. शिक्षकांच्या खोलीत विषय कुठलाही असो, पावसाचा, बदल्यांचा, पोषण आहाराचा, मी तो वळवून वळवून लिनक्सवर आणायचे. लोक चांगले होते. ते फक्त चहा संपवून उठून जायचे.

माझा सगळ्यात आवडता विषय होता पॅकेज आणि बंडल. लिनक्सवर सॉफ्टवेअर घालायच्या दोन पद्धती. एक जुनी, घरची. तुमच्या लिनक्सचं स्वतःचं एक भांडार असतं, त्यातून सॉफ्टवेअरचं पॅकेज मागवायचं. ते पॅकेज लहानसं असतं, कारण ते फक्त स्वतःपुरतं येतं. लागणारे बाकीचे सुटे भाग, म्हणजे लायब्रऱ्या, मशीनवर आधीच असतात आणि सगळी सॉफ्टवेअरं त्या वाटून वापरतात. दुसरी पद्धत अलीकडची: फ्लॅटपॅक, स्नॅप, अ‍ॅपइमेज वगैरे. हे बंडल कुठल्याही लिनक्सवर चालतं, कारण ते आपल्या लायब्रऱ्या आपल्याबरोबरच घेऊन येतं. अर्थात ते आकाराने अवाढव्य असतं आणि सावकाश उघडतं.

हे मी एकदा मधल्या सुट्टीत सगळ्यांना समजावून सांगत होते. मी शहाद्याकडची, तापीकाठच्या शेतकरी घरातली. म्हटलं, आमच्याकडे नातेवाइकांकडे जायचं तर माणूस एक पिशवी घेऊन निघतो. दोन साड्या, एक कंगवा. बाकी ताट, वाटी, गादी, पांघरूण त्यांच्या घरी असतंच. पॅकेज म्हणजे असा शहाणा पाहुणा. आणि बंडल म्हणजे पाहुणा येताना गॅसची शेगडीसुद्धा घेऊन आला.

सगळे हसले. कोपऱ्यात पहिलीच्या वह्या तपासत बसलेले गुरुजी हसले नाहीत. ते इथलेच, डोंगरातल्या एका पाड्यावरचे, पावरी बोलणाऱ्या घरातले, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. मराठी ते सावकाश आणि स्वच्छ बोलायचे, प्रत्येक शब्द आधी पुसून मग टेबलावर ठेवल्यासारखी.

"मॅडम," ते म्हणाले, "आमची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पिठाची गोणी नेतात, तवा नेतात, कोंबड्यांचं टोपलं नेतात, सरपणसुद्धा नेतात. जिथं जायचं तिथं काही असेल याची खात्री नसते."

मी म्हटलं, तो वेगळा मुद्दा आहे. गुरुजी म्हणाले, असेल. आणि परत वह्यांत डोकं घातलं. पाहुण्याची गोष्ट मी त्यानंतरही दोनतीन वेळा सांगितली, पण ते खोलीत नसताना.

गुरुजींचं एक काम चाललं होतं. आमच्याकडे पहिलीला जी मुलं येतात त्यांना मराठी अजिबात कळत नाही. घरी पावरी, पाड्यावर पावरी, आणि एक दिवस एकदम शाळा, वसतिगृह आणि मराठीत बोलणारी मोठी माणसं. इतकी वर्षं मध्ये गुरुजी होते. ते कोंबडी पावरीत म्हणायचे, मग मराठीत म्हणायचे, आणि मुलं एका शब्दावरून दुसऱ्यावर पाय टाकायला शिकायची. मे अखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर शाळेत पावरी बोलणारा एकही शिक्षक उरणार नव्हता. म्हणून त्यांना एक चित्रांचं पुस्तक करायचं होतं. चाळीस पानं, पानावर चार चित्रं, प्रत्येक चित्राखाली दोन शब्द, एक पावरी आणि एक मराठी. चित्रं त्यांनी स्वतः काढली होती. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ते पहिलीच्या हातात असायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नंदुरबारचा एक छापखाना छापून द्यायला तयार होता, पण त्याला पानं संगणकावर नीट मांडून हवी होती.

मी म्हटलं, एवढंच ना, माझ्यावर सोडा. या वाक्याने मी आयुष्यात बरेच घोळ घातले आहेत, त्यातला हा मोठा.

पानं मांडायचं एक चांगलं सॉफ्टवेअर लिनक्सवर फुकट मिळतं. भांडारातून मागवायला एक ओळ टाइप करावी लागते. पण त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि आमच्या शाळेत इंटरनेट म्हणजे खिडकीतल्या एका विशिष्ट गजाजवळ फोन धरला तर दोन संदेश येणार, तेही वीज असेल तर. म्हणून मी शनिवारी घाट उतरून घरी गेले, माझ्या लॅपटॉपवर पॅकेज उतरवलं, पेनड्राइव्हमध्ये घातलं आणि सोमवारी जीपने वर आले. मशीनने पॅकेज पाहिलं आणि सांगितलं की अमुक एक लायब्ररी लागेल. मी नाव कागदावर लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी ती लायब्ररी आणली. मशीन म्हणालं, हिला अजून दोन लागतात. त्याच्या पुढच्या सोमवारी त्या दोघींनी मिळून पाच सांगितल्या.

चूक कुठे होती ते आता सांगायला हरकत नाही. माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स नवीन होतं आणि शाळेतलं जुनं. मी नव्या भांडारातला माल जुन्या घरात नेत होते, त्यामुळे मागणी संपणं शक्यच नव्हतं. शाळेतल्या मशीनकडून पूर्ण यादी काढून त्याच भांडारातून सगळं एकदम आणायची रीतसर पद्धत आहे. ती मी दहावीच्या मुलांना शिकवलीसुद्धा आहे. पण दर वेळी मला वाटायचं, ही शेवटची. शेवटच्या एका लायब्ररीसाठी कोण एवढा खटाटोप करणार?

एप्रिल निम्मा गेला. जीपवाला नेहमीचा ओळखीचा. मी सोमवारी बसले की आरशातून अहिराणीत विचारायचा, "मॅडम, आज काय ऱ्हायनं?" त्याला लायब्ररी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी राहिलेलं असतं हे पक्कं ठाऊक झालं होतं.

घरी माझे यजमान तर मजा पाहत बसले होते. त्यांचं दुकान आहे, संगणकाशी संबंध बिलापुरता. एका शनिवारी ते म्हणाले, "तुन्हं पॅकेज म्हंजे लगननी वरात शे. एकले बोलाव तं मांगे धा येतस." मी म्हटलं, "तुम्ही गप ऱ्हा." ते गप राहिले. पण रविवारी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर शोधून त्याच सॉफ्टवेअरचं बंडल उतरवलं आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "हाई लई जाय. एकच फाइल शे. कोनले काईच मांगत नही."

मी तो पर्समध्ये टाकला आणि सोमवारी वर गेल्यावर मुद्दाम विसरले. हट्ट, दुसरं काय.

दोन दिवसांनी गुरुजींना चित्रांचे फोटो मशीनवर घ्यायचे होते, त्यांनी पेनड्राइव्ह मागितला. मी तोच काढून दिला आणि नववीच्या तासाला गेले. परत आले तर गुरुजी मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले.

"यात एक मोठी फाइल होती," ते म्हणाले. "मशीनवर घेतली, दाबली, उघडली नाही. मग माहितीत जाऊन पाहिलं. तिथं लिहिलं होतं, चालवण्याची परवानगी. मी दिली."

"मग?"

"मघापासून उघडतंय."

आम्ही दोघं बघत बसलो. मशीनचा पंखा जोरात फिरत होता. मी म्हणणारच होते की बघा, हे असं असतं, तेवढ्यात समोर पांढरंशुभ्र कोरं पान उभं राहिलं. महिनाभर घाट चढून-उतरून मला जे जमलं नव्हतं ते गुरुजींनी एका तासिकेत, कोणालाही काही न विचारता केलं होतं. मी अभिनंदन केलं. आवाज थोडा बारीक आला असेल.

पण माझीही वेळ आली, आणि लगेच आली. गुरुजींनी पहिल्या चित्राखाली शब्द लिहायला घेतला आणि मराठी उमटेना. इंग्रजी अक्षरं येत होती, देवनागरी नाही. बंडलाने घरून सगळं आणलं होतं, पण आमच्या मशीनवरच्या मराठी कळफलकाशी त्याची ओळखच नव्हती. पॅकेज असतं तर हा प्रश्न आला नसता, ते घरातलंच. हे मी गुरुजींना अगदी सविस्तर सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग शेजारी साधी लिहायची खिडकी उघडली, तिच्यात मराठी शब्द टाइप केला, तिथून उचलला आणि बंडलात नेऊन चिकटवला. मग दुसरा. मग तिसरा. एकशे साठ चित्रं, तीनशे वीस शब्द, सगळे असे एकेक उचलून नेले. मी म्हटलं, गुरुजी, थांबा, मी पॅकेज आणते, मग सरळ लिहिता येईल. ते म्हणाले, तुम्ही आणा, तोवर मी हे करतो.

मे महिना लागला, सुट्टी सुरू झाली, मुलं घरी गेली. गुरुजी रोज येऊन लिहीत होते. मी शेवटी काय केलं, तर अख्खं मशीनच उचललं. डोंगरावर इंटरनेट येत नसेल तर मशीन खाली नेऊ. गुरुजींचं नव्हे, शेजारचं. चादरीत गुंडाळून जीपमध्ये आणलं तेव्हा जीपवाल्याने एकदाही हसू दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, "येले मांडीवर लई बठा, मांगे आदळी." मी घाटभर ते मांडीवर घेऊन बसले. घरी एक ओळ टाइप केली आणि चहा उकळायच्या आत पॅकेज, त्याच्या लायब्रऱ्या, सगळी वरात एकदम आत आली. यजमान बघत होते. मी त्यांच्यासमोर चहाचा कप जरा ऐटीतच ठेवला. तोच सगळा संच पेनड्राइव्हमध्ये भरला. जागा पुरेना म्हणून आधीचं होतं ते पुसून टाकलं.

वर आल्यावर गुरुजींच्या मशीनवर पॅकेज बसवलं. झटकन उघडलं. मराठी पहिल्या फटक्यात उमटलं. मला इतका आनंद झाला की त्या भरात मी मशीनची साफसफाई केली. एकच सॉफ्टवेअर दोनदा कशाला ठेवायचं? बंडल काढून टाकलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग गुरुजींची चाळीस पानांची फाइल उघडायला घेतली.

उघडेना. ही फाइल नव्या आवृत्तीत केलेली आहे, असं ते म्हणालं, आणि बंद झालं.

मला लगेच समजलं. आमच्या जुन्या लिनक्सच्या भांडारात सॉफ्टवेअरही जुनंच होतं. बंडल ताजं होतं. जुन्याची फाइल नव्याला वाचता येते, नव्याची जुन्याला नाही. बंडल मशीनवरून मी काढलं होतं, पेनड्राइव्हवरून मी पुसलं होतं. खिडकीच्या गजाजवळ जाऊन घरी फोन लावला, लॅपटॉपवर बंडल आहे ना, विचारलं. यजमान म्हणाले, "मी तं तवाच काढी टाकं. तूच बोलनी ना, लॅपटॉप भरी गया." खरं होतं, मीच म्हटलं होतं.

गुरुजी दारात उभे होते. छापखानेवाल्याने परवापर्यंत पानं मागितली होती, त्यानंतर तो महिनाभर लग्नपत्रिकांमध्ये अडकणार होता. गुरुजींचे नोकरीचे सात दिवस उरले होते.

"म्हणजे पुस्तक आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग दाखवा."

"दाखवता येत नाही."

ते खुर्चीवर बसले. पडद्यावरच्या त्या फाइलीच्या छोट्याशा चित्राकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "पहिलीत बावीस नावं आली आहेत, मॅडम. मी घरोघर जाऊन लिहून आणली. त्यांच्या आयांना सांगितलंय की तिथं तुमच्या बोलीचं पुस्तक आहे."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तीनशे वीस शब्द त्या माणसाने एकेक करून उचलून नेले होते आणि मी मशीन नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांच्यापर्यंत जायची वाटच बंद केली होती.

मी तशीच निघाले. पर्स घेतली, पेनड्राइव्ह घेतला. त्या वेळेला एकच जीप होती, टपावर माणसं बसलेली. जीपवाल्याने विचारलं नाही, काय राहिलं म्हणून. माझं तोंड बघून पुढची जागा रिकामी करून दिली. संध्याकाळी घरी पोहोचले तर यजमानांनी बंडल उतरवायला लावून ठेवलं होतं, माझ्या फोननंतर लगेच. दोन पेनड्राइव्हवर घेतलं, एक माझा, एक दुकानातला. वरातीचा विषय त्यांनी काढला नाही. यासाठी मी त्यांना अजून काही म्हटलेलं नाही, इथे म्हणते, की बरं केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपने वर गेले. गुरुजी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेले. मी फाइलीवर परवानगीची खूण केली, दाबलं, आणि आम्ही पंख्याचा आवाज ऐकत थांबलो. या वेळी ते सावकाश उघडतंय याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. पान आलं. कोंबडी, शेळी, मडकं, कुऱ्हाड. मग दुसरं पान, मग तिसरं. गुरुजींनी चाळीसच्या चाळीस मोजून पाहिली. दुपारी छापखान्याला लागते तशी फाइल तयार झाली आणि संध्याकाळच्या आत ती घेऊन गुरुजी स्वतः नंदुरबारला गेले. माझ्या हाती द्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि मी आग्रह केला नाही.

पुस्तकं त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आली. शाळेला सुट्टी, मुलं नाहीत, चारपाच शिक्षक, शाल आणि नारळ. गुरुजींनी एक प्रत उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि बाकीचा गठ्ठा पहिलीच्या कपाटात ठेवून किल्ली मुख्याध्यापकांना दिली. माझी मतं तेव्हापासून जरा मवाळ झाली आहेत. रोजचं सगळं अजून भांडारातूनच घेते, ते हलकं असतं, आपल्या कळफलकाला ओळखतं, आणि एक लायब्ररी दुरुस्त झाली की सगळ्यांचंच भलं होतं. पण आठही मशीनवर ते एक बंडलही आहे, आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही. ही परवानगी मीच नाकारली आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजींच्या जागी कोणी आलेलं नव्हतं. पहिलीवर त्या दिवशी मला पाठवलं. बावीस मुलं भिंतीला टेकून बसलेली, डोळे दाराकडे. मी मराठीत काहीतरी गोड बोलले, त्याने परिस्थिती आणखी बिघडली. मग कपाट उघडून पुस्तकं वाटली. ती मांडीवर तशीच पडून राहिली. मग दाराजवळच्या एका मुलीने पान उलटलं, एका चित्रावर बोट ठेवलं आणि त्याचं नाव म्हटलं, हळूच, स्वतःलाच. शेजारच्याने पुढचं म्हटलं. मग तिसऱ्याने मोठ्याने. मी खालचा मराठी शब्द म्हटला, त्यांनी तो माझ्यामागून म्हटला, आणि बघता बघता वर्ग इतका कलकलू लागला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मी बाहेर येऊन गजाजवळ उभी राहिले आणि गुरुजींना फोन लावला. त्यांच्या पाड्यावर घरात रेंज नसते, टेकडीवरच्या एका महूच्या झाडाखालीच मिळते. लागेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"कोणी रडतंय का?" त्यांनी विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही." आणि फोन वर्गाच्या दाराकडे धरला. हात भरून येईपर्यंत धरून ठेवला.

फोन परत कानाला लावला तेव्हा पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"बरं," गुरुजी म्हणाले. "मग मी घरी जातो. सकाळपासून इथंच बसलोय."